न्हाईचा मार्का

सेलू,
ता. २१ नोव्हेंबर २०२४

चि. शिवरंजनी हीस,

अक्काचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं इकडे ठीक. तूही तिकडे ठीक असशील, पुण्यात माणूस ठीक असतोच म्हणतात.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर तू 'एक मिनिट हं अक्का' म्हणतेस आणि ते मिनिट दुसऱ्या दिवशी संपतं. पत्राला तसं म्हणता येत नाही, म्हणून लिहायला बसले. झेरॉक्सच्या दुकानात कागदाला काही तोटा नाही, आणि सध्या गिऱ्हाईक बेताचंच आहे. सगळा गाव कापसात. जिनिंगच्या रस्त्याला गाड्या लागल्यात आणि दुकानातल्या मशिनीवरसुद्धा रोज तंतू बसतायत.

तू पाठवलेला स्वेटर अप्पांना डाव्या बाजूने बसतो, उजव्या बाजूने घालायलाच एक घटका जाते. रंग छान आहे. फिजिओथेरपीवाले डॉक्टर परभणीहून येतात, हात ओढतात, पाय ओढतात, 'सुधारणा आहे' म्हणतात आणि जातात. मला काही दिसत नाही. लकवा मारला त्या दिवशी उजवा हात जिथे पडला तिथेच अजून पडलेला आहे. जिभेवर तो एकच शब्द. न्हाई. जेवता का, न्हाई. निजता का, न्हाई. परवा सिलिंडरवाला दारात येऊन 'पेंटरसाब, कसं हाय?' म्हणाला, त्यालाही न्हाई. त्याला ते उत्तर पटलं बहुतेक, मान हलवून गेला.

तुझी बातमी गावात पसरली. म्हणजे मीच पसरवली. एवढ्या मोठ्या संग्रहालयात आधुनिक चित्रकलेचं प्रदर्शन, आणि त्याचा सगळा चेहरामोहरा आपल्या शिवाच्या हातात: नाव कसं दिसायचं, रंग कोणता, तिकीट कसलं, दारावर काय, पिशवीवर काय. समोरच्या तात्यारावांना हे समजावताना माझा घसा बसला. त्यांची हयात सरकीत गेली. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी मार्का म्हन की. कापसाच्या गाठीवर मारत्यात तसा. गाठ कुठं बी जाऊ दे, मार्का बगून कळतंय कुनाची हाय." मी म्हटलं, हो काका, तेच. मग ते म्हणाले, "पोरगी बापावर गेली." खूश झालीस ना?

मार्का अप्पांच्याच अक्षराचा आहे हे मात्र मी कोणाला बोलले नाही. ते तुझ्या तोंडून कळलेलं बरं.

दिवाळीतली ती दुपार डोळ्यांपुढून जात नाही गं. तू ओसरीवर कागद पसरलेस, काळ्या शाईची बाटली उघडलीस, अप्पांच्या डाव्या हातात जाड ब्रश दिलास आणि म्हणालीस, "अप्पा, लिहा ना काहीतरी." मी चकलीचं पीठ मळत दारात होते. अप्पांनी तुझ्याकडे पाहिलं, ब्रशकडे पाहिलं, आणि लिहिलं: न्हाई. तू 'वा!' म्हणालीस आणि दुसरा कागद सरकवलास. पुन्हा न्हाई. शिरोरेषा एकीकडे, अक्षरं दुसरीकडे, ई कागदाबाहेर. तुझा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं तुला काहीतरी सापडलंय. मग तू त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलंस, "अप्पा, हे तुमचं अक्षर मी प्रदर्शनाला वापरू?" त्यावर त्यांनी जे लिहिलं तेही न्हाईच, फक्त इतकं दाबून की ब्रशची पत्र्याची मान कागदात घुसली आणि न्ह पासून खालपर्यंत कागद टर्रकन फाटला. तोच कागद तू उजेडात धरलास. डोळ्यांत पाणी आलं तुझ्या. 'काय जोर आहे,' म्हणालीस.

नंतर स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलंस, "अक्का, ते सारखं न्हाईच लिहितायत. त्यांना आवडत नाहीये का?"

आणि मी तुला सांगितलं, अगं, त्यांचं सगळंच न्हाई झालंय आता. चहा देऊ का म्हटलं की न्हाई, आणि कप रिकामा. पंखा लावू का, न्हाई. बंद करू का, न्हाई. मनाला लावून घेऊ नकोस, उरलंय ते एवढंच उरलंय, घेऊन जा. तू मला पिठासकट मिठी मारलीस.

आता दर फोनला विचारतेस, अप्पांना चालेल ना? एकदाचं कागदावर लिहून देते म्हणजे तुझा जीव शांत होईल. चालेल. तुझ्यासाठी त्यांनी आजवर काय चालवून घेतलं नाही?

जेवणखाण वेळेवर करत जा. केस कापलेस ते बरे दिसतात, आधी वाटलं नव्हतं.

तुझी,
अक्का


सेलू,
ता. १६ जानेवारी २०२५

चि. शिवास,

आशीर्वाद. सोबत तिळाच्या वड्या पाठवतेय. गोड बोलायचं काम वड्यांवर सोपवलंय, माझ्याकडून ते होईलसं वाटत नाही.

तुझं खोकं पोचलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, असं झालं. आधीच दुकानात पाय ठेवायला जागा नाही, त्यात तुझी पोस्टरं, पिशव्या, कप, बिल्ले, वह्या. सगळ्यांवर न्हाई. लाल रंगावर काळं न्हाई, आणि त्याच्या मधून ती फट, जिथे कागद फाटला होता ती. ती पांढरी फट तू सगळीकडे नेलीस, कपाच्या कानापर्यंत. कमाल आहे तुझी, हे मी मनापासून म्हणतेय. मला वाटलं होतं नुसतं अक्षर छापशील. तिकीट हातात घेऊन मी बराच वेळ बसले. दारावरचा माणूस तिकीट फाडणार तेही बरोबर त्या फटीवरूनच फाडणार, अशी सोय केली आहेस. म्हणजे येणारा प्रत्येक जण अप्पांचा तो कागद एकदा फाडून आत जाणार. हे सुचायला डोकं लागतं. तुमच्या संग्रहालयाच्या सुकेशनी मॅडम उगाच नाही तुझ्यावर फिदा.

पोस्टर दुकानाच्या दारात लावलं. दोन दिवस ठेवलं, मग काढलं. लोक झेरॉक्स काढायला येत आणि पोस्टर वाचून परत जात. फ्लेक्सवाला पप्पू येऊन उभा राहिला.

"अक्का, ह्ये काय लिवलंय? न्हाई? काय न्हाई?"

"प्रदर्शनाचं नाव आहे ते," मी म्हटलं. "जुन्या पद्धतीला न्हाई म्हणणारे चित्रकार."

"त्ये ठीक हाय. पर ह्ये लिवलंय कुनी? आमच्याकडं असं छापून दिलं तर गिऱ्हाईक पोस्टर माझ्याच तोंडावर मारंल. लय वंगाळ अक्षर हाय."

मी म्हटलं, मोठ्या कलाकाराचं आहे. त्याने परत पाहिलं आणि जरा आदराने पाहिलं. तुझं शास्त्र किती खरं आहे बघ, नाव मोठं सांगितलं की अक्षर सुधारतं.

अप्पांना यातलं काही दाखवायचं नाही, असं तू बजावलं आहेस. उद्घाटनाच्या दिवशी तिथेच बघू देत, दारावरचं ते दोन मजली न्हाई एकदम समोर येऊ दे, त्यांचा चेहरा टिपायला कॅमेरा ठेवलाय. बरं. नाही दाखवलं. खोकं वरच्या माळ्यावर टाकलंय, आणि पोस्टर लावलं तेव्हा अप्पांची खुर्ची मागच्या अंगणात होती. त्यांना दुकानाकडे पाठ करूनच बसायला आवडतं आता. तुला माहीत नसेल. डावा हातसुद्धा ते शालीखाली ठेवतात. कोणी भेटायला आलं की जेवत नाहीत, डाव्या हाताने सांडतं ते कोणी पाहू नये म्हणून. भूक लागून जीव कासावीस झाला तरी पाहुणा उठेपर्यंत ताट पुढे घ्यायचं नाही. आपल्या गर्विष्ठ बापाचा गर्व उजव्या हातात नव्हता, एवढं लकव्याने सिद्ध केलं.

तुला अप्पा ज्या रूपात आठवतात त्या रूपात मला आठवत नाहीत. तुला ते खांद्यावर घेऊन शिडी चढणारे आठवतात. मला वालूरचा बाजार आठवतो.

तू तेव्हा फार लहान होतीस. अप्पांना टायफॉईड झाला होता, आणि वालूरच्या सरजाबाईच्या पिठाच्या गिरणीचा बोर्ड बाकी होता. आई म्हणाली, मुहूर्त टळायला नको. मी दहावी झालेली. रात्रंदिवस खपून मी तो बोर्ड केला. पिवळ्यावर निळा, सावली तांबडी. मला अजूनही वाटतं की चांगला झाला होता. सरजाबाईने माझी दृष्ट काढली. अप्पा अंगात ताप असताना एसटीने वालूरला आले, बोर्डासमोर उभे राहिले. घासलेटचा बोळा घेतला आणि भरबाजारात पुसून काढला. सरजाबाई म्हणत होती, "आवो पेंटर, ऱ्हाऊ द्या की, पोरीनं लय जीव लावलाय." ते म्हणाले, "एक वेलांटी वाकडी गेली की समदा बोर्ड वाकडा. हिला हात न्हाई."

बाजारातली माणसं माझ्या हाताकडे बघत होती. मीपण बघितलं. त्यानंतर मी ब्रश धरला नाही आणि कोणी धर म्हटलंही नाही. पुढे तू नऊ वर्षांची असताना त्यांनी तुला आपला तीन नंबरचा ब्रश दिला. तुझी वेलांटी वाकडी गेली की ते हसायचे आणि म्हणायचे, "जाऊ दे, तिचा ढंग हाय त्यो." कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय. मी तक्रार करत नाहीये. आठवलं म्हणून लिहिलं.

विचार करते तेव्हा गंमत वाटते. एका वेलांटीसाठी पोरीचा बोर्ड पुसणारा माणूस, आणि त्याचं सगळ्यात वाकडं अक्षर शहराच्या चौकाचौकात. तुला यात 'विलक्षण काहीतरी' वाटतं, असं तू म्हणालीस. मलाही वाटतं.

अप्पांना घेऊन ये, असं तू दहादा म्हणते आहेस. आणेन. पप्पूची गाडी ठरवते. त्यांना काय सांगायचं ते मी बघते.

वड्या मऊ आहेत, लगेच संपव.

तुझी,
अक्का


सेलू,
ता. १ फेब्रुवारी २०२५

शिवा,

आशीर्वाद आहेतच.

पिंगळीच्या आत्याचा फोन होता. तिच्या जावयाने पुण्याच्या पेपरातलं तुझं छायाचित्र पाठवलं. मागे तेवढं मोठं न्हाई आणि पुढे तू, हाताची घडी घालून. छान दिसतेस. मुलाखत मी फोनवर मोठी करून वाचली. 'माझ्या वडिलांकडे आता एकच शब्द उरला आहे, आणि तो नकाराचा आहे. आधुनिक कलासुद्धा नकारातूनच जन्मली.' आत्या म्हणाली, "लय हुशार बोलायलीय गं पोरगी." मी म्हटलं, हुशारच आहे. शब्द नकाराचा आहे हे तिला कळलं. नकार कोणाला आहे, एवढंच कळायचं राहिलं.

आता सांगते.

लकव्यानंतर मी त्यांना पाटी आणून दिली होती. म्हटलं बोलता येत नाही तर लिहितील. त्यांनी ती भिंतीवर फेकली. उभ्या आयुष्यात दुसऱ्यांची नावं रंगवलेल्या माणसापुढे बिगरीतल्या पोराची पाटी ठेवली, राग येणारच. मी परत तो विषय काढला नाही. मग श्रावणात एका सकाळी पूजेला बसवलं होतं. तुला आठवत असेल तर, इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं असतं, तेवढं बरं आहे, डावा हात चालतो. उजव्याचं काम मी करते, भस्म लावते, बेल वाहते. पूजा झाली, लिंग परत गळ्यातल्या चांदीच्या डबीत ठेवलं. भस्माची ताटली समोरच होती. त्यांनी बोट घातलं आणि लिहिलं: पंखा.

मी ताटलीकडे बघतच बसले. मग उठून पंखा बंद केला. खरंच गार वाटत होतं त्यांना.

त्या दिवसापासून रोज. ताटलीत भस्म सारखं करून ठेवते आणि समोर बसते. मीठ कमी. उशी. दाढी. दुखतं. एकदा सबंध ओळ लिहिली, समोरच्या मेडिकलच्या बोर्डावरचा र चुकलाय म्हणून. अक्षर वाकडंच, पण शब्द सगळे आहेत. डॉक्टर म्हणाले, असं होतं, जीभ जाते पण लिहिणं शाबूत राहतं. मी वाचलं की ते तळहाताने पुसतात. वाकडं अक्षर क्षणभरही राहू देत नाहीत. तुझ्या कागदावरचं पुसता आलं नाही, शाई होती.

तू दिवाळीला आलीस तेव्हा पूजा सहाला व्हायची आणि तू नवाला उठायचीस. तुझा चहा होईपर्यंत भस्म कपाळाला लागलेलं असायचं.

म्हणजे ओसरीवर तू जेव्हा विचारलंस, हे तुमचं अक्षर वापरू का, तेव्हा त्यांनी तुला उत्तर दिलं. तोंडातून निघतं ते न्हाई वेगळं. त्याला अर्थ नाही, ती उचकी आहे. हाताने लिहिलेलं न्हाई म्हणजे न्हाई. तू पुन्हा विचारलंस, त्यांनी पुन्हा लिहिलं. शेवटी तू ऐकेनास म्हणून कागद फाडला. आणि तू तो जपून फाइलीत ठेवलास.

मला ठाऊक होतं. स्वयंपाकघरात तू विचारलंस तेव्हाही ठाऊक होतं. मी विचार करून खोटं बोलले, पीठ मळता मळता.

आता तू म्हणशील, का. तर ऐक. त्या ताटलीत मीठ, उशी, दाढी यांच्याबरोबर रोज एक शब्द असतो. शिवा. आणि पुढे प्रश्नचिन्ह. मी रोज सांगते, पुढच्या महिन्यात येणार आहे, कामात आहे. ते पुसतात आणि दुसऱ्या दिवशी परत लिहितात. त्यांचं हगणंमुतणं काढते मी, कूस बदलते मी, घास भरवते मी, तोही दार लावून. माझं नाव त्यांनी एकदाही लिहिलं नाही. मला बोलवायचं असलं की चमच्याने पेला वाजवतात.

राग आहे मला. तुझा आहे आणि त्यांचाही आहे, कोणाचा जास्त ते मोजलेलं नाही. त्या दुपारी दारात उभी राहून मी बघत होते की त्यांचा लाडका हात त्यांची लाज उचलून शहरभर लावायला निघालाय. मला वाटलं, जाऊ दे. एकदा त्यांनाही कळू दे, सगळ्यांसमोर आपलं अक्षर कसं दिसतं. आणि ते दाखवणारी मी नसावी, तू असावीस. मला याचं वाईट वाटत नाही. वाटेल म्हणून वाट पाहिली, नाही वाटलं.

आणि खरं सांगू? मी सांगितलं असतं तरी तू थांबली नसतीस. न्हाई लिहिलेला कागद हातात धरून तू मला विचारत होतीस, त्यांना आवडत नाहीये का. वाचता तुलाही येत होतं. तुला फक्त दुसऱ्या कोणीतरी 'घेऊन जा' म्हणायला हवं होतं. ते मी म्हटलं. तेवढंच माझं काम, बाकी सगळं तुझ्या हाताचं.

हे पत्र उद्घाटनाच्या आधी मिळेल अशा बेताने स्पीड पोस्टाने टाकतेय. मधल्या दिवसांत तुला वेळ आहे. सुकेशनी मॅडमना सांगून सगळं उतरवू शकतेस. नाव, दार, तिकिटं, चौकातले फलक, सगळं. मग तुला परत कोणी काम देईल की नाही हे तुला जास्त कळतं. नाहीतर मला फोन करून म्हण, अप्पांना आणू नकोस. मी आणणार नाही. फक्त त्यांना जसंच्या तसं सांगेन की शिवा येऊ नका म्हणाली. आणि काहीच केलं नाहीस तर आम्ही येतो. त्यांना दारासमोर उभं करायला पप्पू आहे, मी आहे. तुझा कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर असेल. मी तुझ्याकडे बघत असेन.

तू काय करशील याचा मला अंदाज आहे. तू पत्र दोनदा वाचशील, रडशील, आणि मग म्हणशील, इतकी माणसं, इतकं काम, आता कसं थांबवायचं. मग स्वतःला सांगशील की समोर पाहिल्यावर त्यांना अभिमानच वाटेल. सांग. मी काही तुझी समजूत मोडायला येणार नाही, ते काम अप्पा करतील.

त्यांना अजून काही माहीत नाही. काल सकाळी पूजा झाल्यावर मी नुसतं विचारलं. म्हटलं, अप्पा, शिवाचा पुण्यात मोठा कार्यक्रम आहे. तिने बोलावलंय. जायचं का?

त्यांच्या तोंडातून नेहमीसारखं न्हाई, न्हाई, न्हाई निघालं. पण हात शालीतून बाहेर आला होता. बोट ताटलीत टेकवलं आणि सावकाश, जीभ दातांत धरून, ताटलीच्या या काठापासून त्या काठापर्यंत लिहिलं. मग पुसलं नाही. वाकडं होतं, तरी पुसलं नाही. मी वाचतेय का ते बघत राहिले, आणि रडत होते.

व्हय.

त्यांना व्हय लिहिता येतं, शिवा. दिवाळीतही येत होतं.

त्यांचा पांढरा सदरा इस्त्रीला दिलाय. येतो आम्ही.

त्यांना तुझ्या दारात आणून सोडणारी,
राजेश्री